युरेनस : कलंडलेला ग्रह आणि तिथे गेलेलं एकमेव यान

युरेनसबद्दल पुस्तकांत जे वाचायला मिळतं, म्हणजे उपग्रहांचे फोटो, चुंबकीय क्षेत्राचा कल, दिवसाची लांबी, त्यातला मोठा भाग एकाच भेटीत गोळा झालेला आहे. 24 जानेवारी 1986 रोजी व्हॉयेजर 2 हे यान या ग्रहाच्या ढगांपासून सुमारे 81,500 किलोमीटरवरून निघून गेलं. अगदी जवळून पाहण्याचा काळ जेमतेम सहा तासांचा होता. त्याआधी तिथे कुणी गेलं नव्हतं आणि त्यानंतरही कुणी गेलेलं नाही. त्यामुळे ग्रह कसा आहे हे सांगताना ते कशावरून कळलं हेही सांगावं लागतं. नाहीतर 1986 मधली एक झलक हाच त्याचा कायमचा स्वभाव आहे असं आपण धरून चालतो. तसं धरून चालणं किती चुकीचं ठरू शकतं, हे गेल्या दोन-तीन वर्षांत दिसून आलं आहे.

आधी ढोबळ माप. युरेनस सूर्यापासून सरासरी 19.2 खगोलीय एकक, म्हणजे सुमारे 287 कोटी किलोमीटर दूर आहे. सूर्याचा प्रकाश तिथे पोचायला 2 तास 40 मिनिटं लागतात. सूर्याभोवतीची एक फेरी 84 वर्षांची. विषुववृत्तावर व्यास 51,118 किलोमीटर, पृथ्वीच्या चौपट. वस्तुमान मात्र पृथ्वीच्या साडेचौदा पटच, कारण सरासरी घनता पाण्यापेक्षा थोडीच जास्त आहे, 1.27. पृथ्वीवर समुद्रसपाटीला जितका हवेचा दाब असतो तितका दाब असलेल्या थरात तापमान उणे 197 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. त्याच्या वर, वातावरणाच्या सर्वांत गार थरात, ते उणे 224 पर्यंत उतरतं.

वातावरणात मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम आहेत. शिवाय सुमारे 2 टक्के मिथेन आहे. हा मिथेन सूर्यप्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतो, म्हणून ग्रह फिकट हिरवट-निळा दिसतो. 2018 मध्ये हवाई बेटांवरच्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीने वरच्या ढगांशी हायड्रोजन सल्फाइड असल्याचं पकडलं. सडक्या अंड्यांना जो वास येतो तो याच वायूचा.

पण हे सगळं वरचं आवरण झालं. गुरू आणि शनी यांच्या वस्तुमानात हायड्रोजन-हेलियमचा वाटा सर्वांत मोठा. युरेनस आणि नेपच्यूनमध्ये तो कमी आहे, आणि बराचसा भार पाणी, अमोनिया, मिथेन आणि खडक यांचा आहे. म्हणून या दोघांना बर्फाळ महाग्रह म्हणतात. आत गोठलेला बर्फ आहे असं मात्र समजू नये. हजारो अंश तापमान आणि वातावरणाच्या लाखो पट दाब अशा परिस्थितीत हे पदार्थ दाट, तापलेल्या, वीजवाहक द्रवासारखे असतात. पाय ठेवायला जमीन कुठेच नाही. खाली जावं तसा वायू दाट होत होत द्रवासारखा होत जातो. आणखी खोलवर पाणी एका विलक्षण अवस्थेत असण्याची शक्यता आहे. शक्तिशाली लेझरने पाण्यावर क्षणभर तेवढा दाब आणून केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की ऑक्सिजनचे अणू स्फटिकासारखे जागच्या जागी बसतात आणि हायड्रोजनचे आयन त्यांच्यामधून वाहत राहतात. मिथेनमधला कार्बन सुटा होऊन त्याचे हिरे बनावेत आणि ते खाली बसत जावेत, हीही कल्पना प्रयोगांतून पुढे आली आहे. 2017 मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत पॉलिस्टायरीन या प्लास्टिकवर लेझरचा मारा करून अतिसूक्ष्म हिरे तयार होताना पाहिले गेले. युरेनसच्या पोटात हिरे आहेत असं त्यावरून सिद्ध होत नाही. तशा दाबाला आणि तापमानाला ते बनू शकतात, एवढंच सिद्ध होतं.

कललेला आस

युरेनसचा आस त्याच्या कक्षेच्या लंबाशी 97.8 अंशांचा कोन करतो. पृथ्वीचा कोन 23.4 अंशांचा आहे. म्हणजे हा ग्रह जवळजवळ आडवा पडून फिरतो. परिणामी प्रत्येक ध्रुवावर सलग 42 वर्षं उजेड आणि मग 42 वर्षं अंधार. पूर्ण वर्षाचा हिशेब केला तर ध्रुवांना विषुववृत्तापेक्षा जास्त ऊन मिळतं. तरीही दोन्हीकडच्या तापमानात फारसा फरक दिसत नाही. वातावरण ती उष्णता कशी वाटून घेतं, हा अजून उघडा प्रश्न आहे.

ग्रह असा का कलंडला? ग्रह घडत असताना पृथ्वीएवढ्या किंवा त्याहून मोठ्या पिंडाची धडक बसली असावी, हे सर्वांत प्रचलित उत्तर. एकेकाळी असलेल्या एखाद्या मोठ्या उपग्रहाच्या ओढीने आस हळूहळू कलत गेला असावा, असं दुसरं मत. पाच मोठे उपग्रह आणि सगळी कडी ग्रहाच्या कललेल्या विषुववृत्ताच्याच पातळीत आहेत. कुठलंही उत्तर पटायचं तर त्याने याचाही उलगडा करायला हवा.

या कलाचा फटका व्हॉयेजरच्या भेटीला थेट बसला. 1986 मध्ये ग्रहाचा दक्षिण ध्रुव सूर्याकडे रोखलेला होता. यान ज्या बाजूने येत होतं तिथून कडी आणि उपग्रहांच्या कक्षा नेमबाजीच्या निशाणावरच्या वर्तुळांसारख्या समोर उभ्या होत्या. गुरू आणि शनीपाशी यान उपग्रहांच्या पातळीतून आडवं गेलं, त्यामुळे एकामागून एक उपग्रह पाहायला दिवस मिळाले. इथे ते निशाणातून आरपार गेलं आणि सगळं जवळून पाहण्याची वेळ एकदमच आली. शिवाय प्रत्येक उपग्रहाचा दक्षिण गोलार्धच उजेडात होता. उत्तर गोलार्धांचे नकाशे जवळपास कोरेच आहेत.

1977 : तारा लुकलुकला आणि कडी सापडली

युरेनसचा शोध विल्यम हर्शेल यांनी 13 मार्च 1781 रोजी इंग्लंडमधल्या बाथ गावी, घरामागच्या बागेतून लावला. (मराठी पंचांगांत हा ग्रह आजही हर्षल या नावाने छापला जातो.) त्याला कडी आहेत हे कळायला मात्र जवळपास दोनशे वर्षं गेली. ती कळली तीही फोटोवरून नव्हे.

10 मार्च 1977 रोजी युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता. अशा पिधानात तारा किती वेळ झाकला जातो यावरून ग्रहाचा व्यास मोजता येतो, आणि तारा कसा मंदावत जातो यावरून वातावरणाचे थर कळतात. जेम्स एलियट, एडवर्ड डनहॅम आणि डग्लस मिंक हे कायपर एअरबोर्न ऑब्झर्वेटरी या विमानातल्या 91 सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून, दक्षिण हिंदी महासागरावरून निरीक्षण करत होते. पिधानाची नेमकी वेळ पक्की नव्हती, म्हणून त्यांनी प्रकाशमापक बऱ्याच आधीपासून चालू ठेवला होता. सगळा शोध या सावधगिरीमुळेच हाती आला. ग्रह अजून दूर असतानाच ताऱ्याचा प्रकाश काही क्षण घटला, परत वाढला, आणि असं पाचदा झालं. ग्रह ताऱ्यावरून सरकून गेल्यावर दुसऱ्या बाजूलाही तशाच पाच घटी, तितक्याच अंतरांवर मिळाल्या. उपग्रह असते तर दोन्ही बाजूंना अशी जोडी जुळली नसती. ही कडीच होती.

त्याच रात्री तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेत जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी 102 सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून तोच तारा पाहत होते. त्यांनाही प्रकाश घटल्याची नोंद मिळाली. ती एखाद्या नव्या उपग्रहाची असावी असा अर्थ त्यांनी सुरुवातीला लावला होता, पण वेगवेगळ्या ठिकाणांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर चित्र स्पष्ट झालं. सूर्यमालेतल्या एका मोठ्या शोधाच्या नोंदवहीत भारतीय वेधशाळेचं पान आहे, हे आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असतं.

आज 13 कडी माहीत आहेत. सर्वांत ठळक आहे ते एप्सिलॉन. त्याची रुंदी सगळीकडे सारखी नाही : ग्रहाच्या सर्वांत जवळच्या भागात सुमारे 20 किलोमीटर, तर सर्वांत दूरच्या भागात 96 किलोमीटरपर्यंत. त्यातले तुकडे कोळशासारखे काळे आहेत आणि बारीक धूळ अगदी कमी. कॉर्डेलिया आणि ओफेलिया हे दोन छोटे उपग्रह त्याच्या आतून आणि बाहेरून फिरतात आणि आपल्या ओढीने त्याच्या कडा राखतात. उपग्रहांची संख्या आता 29 झाली आहे. शेवटचा, जेमतेम 10 किलोमीटरचा, जेम्स वेब दुर्बिणीने फेब्रुवारी 2025 मध्ये घेतलेल्या फोटोंत सापडला.

व्हॉयेजरची दुरुस्ती, अब्जावधी किलोमीटरवरून

व्हॉयेजर 2 हे 20 ऑगस्ट 1977 रोजी सुटलं ते मुळात गुरू आणि शनीसाठी. युरेनसपर्यंत ते चालतं ठेवणं आणि तिथे कामाचे फोटो मिळवणं यासाठी जे करावं लागलं, ते मला या सगळ्या मोहिमेतलं सर्वांत शिकण्यासारखं काम वाटतं.

पहिली अडचण यांत्रिक होती. ऑगस्ट 1981 मध्ये शनीजवळून जाताना कॅमेरे बसवलेला फिरता मंच एका दिशेत अडकला. जमिनीवर तशाच यंत्रणेच्या चाचण्या घेतल्यावर कारण सापडलं : मंच फार वेगाने, फार वेळा फिरवल्यामुळे गिअरमधलं वंगण निघून गेलं होतं आणि झिजेचे कण अडकले होते. भाग तापवून-गार करून तो सुटला. पुढे युरेनसपाशी तो फक्त मंद वेगाने फिरवायचा असं ठरलं. तो पुन्हा अडकलाच तर अख्खं यान वळवून नेम धरण्याचा पर्यायी कार्यक्रमही तयार ठेवला गेला.

दुसरी अडचण उजेडाची. युरेनसपाशी ऊन पृथ्वीवरच्या 1/370 इतकंच. त्यात उपग्रह आणि कडी काळपट. फोटोसाठी शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागणार, आणि तेवढ्यात यान पुढे सरकल्याने फोटो फरफटणार. यावर उपाय म्हणून शटर उघडं असताना पूर्ण यानच हळूहळू वळवलं गेलं, म्हणजे उपग्रह कॅमेऱ्यासमोर जागचा हलणार नाही. वळत असताना अँटेना पृथ्वीकडे राहत नाही, म्हणून ते फोटो टेप रेकॉर्डरवर साठवून नंतर पाठवायचे. टेप सुरू होताना आणि थांबताना बसणारा इवलासा झटकाही फोटो बिघडवू शकत होता. त्यालाही तोल देणारे छोटे धक्के यानाच्या थ्रस्टरना द्यायला लावले.

तिसरी अडचण संदेशवहनाची. यानाचा ट्रान्समीटर साधारण 20 वॉटचा. गुरूपासून सेकंदाला 1,15,200 बिट येत होते, शनीपासून 44,800, आणि युरेनसपासून जास्तीत जास्त 21,600. एका फोटोत 800 गुणिले 800 ठिपके, प्रत्येकाला 8 बिट, म्हणजे 51 लाख 20 हजार बिट. या वेगाने एकेका फोटोला चार मिनिटं लागली असती, तीही बाकीची सगळी उपकरणं गप्प ठेवून. म्हणून यानावरचा राखीव संगणक फोटो आटवायला जुंपला. प्रत्येक ठिपक्याची पूर्ण उजळता पाठवण्याऐवजी शेजारच्या ठिपक्यापेक्षा ती किती कमी-जास्त आहे तेवढंच पाठवायचं. यामुळे बिट निम्म्याहूनही कमी झाले. इकडे ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळच्या अँटेनांना पार्क्सची 64 मीटरची रेडिओ दुर्बीण जोडून क्षीण संदेश एकत्र पकडला गेला.

हे सगळं जमलं आणि भेटीला सहा दिवस उरले असताना फोटोंत काळ्या-पांढऱ्या पट्ट्या येऊ लागल्या. यानाच्या संगणकाची स्मृती पृथ्वीवर मागवून मूळ प्रतीशी ताडून पाहिली, तेव्हा एकच बिट शून्याऐवजी एक झाल्याचं दिसलं. तो परत शून्य करण्याचा आदेश दिला, पण तो हटेना : ती जागाच नादुरुस्त झाली होती. मग ती जागा टाळून चालणारा प्रोग्रॅम लिहून पाठवला. एक संदेश जायला पावणेतीन तास आणि उत्तर यायला तेवढेच. फोटो वेळेत पूर्ववत झाले.

या मेहनतीचं फळ पाहायचं तर मिरांडाचे फोटो पाहावेत. अवघ्या 472 किलोमीटर व्यासाच्या या उपग्रहावर खाचा आणि कंगोऱ्यांनी भरलेले तीन अवाढव्य पट्टे आहेत. व्हेरोना रुपेस हा तिथला कडा काही अंदाजांनुसार 20 किलोमीटरपर्यंत उंच आहे. यान मिरांडापासून सुमारे 29,000 किलोमीटरवरून गेलं. यान वळवण्याची युक्ती नसती तर तिथे धूसर फरफटच उरली असती. भेटीनंतर चारच दिवसांनी, 28 जानेवारीला, चॅलेंजर यानाचा अपघात झाला आणि युरेनसच्या बातम्या साहजिकच मागे पडल्या.

1986 ची मापं पुन्हा तपासताना

व्हॉयेजरला युरेनस जवळजवळ कोरा दिसला, मोजकेच ढग. शांत, निस्तेज ग्रह अशी त्याची प्रतिमा त्यावरून झाली. पण ती दक्षिण गोलार्धातल्या भर उन्हाळ्याची स्थिती होती. 2007 मध्ये दिवस-रात्र समान झाली, दोन्ही गोलार्धांवर ऊन पडू लागलं, आणि त्या सुमारास केक आणि हबल दुर्बिणींना भरपूर ढग आणि वादळं दिसली. वाऱ्यांचा वेग ताशी 900 किलोमीटरपर्यंत जातो.

आतल्या उष्णतेचंही तसंच. गुरू, शनी आणि नेपच्यून सूर्याकडून घेतात त्यापेक्षा बरीच जास्त उष्णता बाहेर टाकतात. युरेनस जवळपास घेतो तेवढीच टाकतो, असं व्हॉयेजरच्या मापावरून मानलं गेलं आणि ग्रहविज्ञानात ते मोठं कोडं होऊन बसलं. 2025 मध्ये अनेक दशकांची निरीक्षणं एकत्र करून केलेल्या अभ्यासांत ही उष्णता मिळणाऱ्या उष्णतेपेक्षा साधारण 12 ते 15 टक्के जास्त असल्याचं निघालं. नेपच्यूनच्या मानाने ते कमीच आहे, पण आतून पूर्ण थंडावलेला ग्रह हे चित्र मागे घ्यावं लागलं.

चुंबकीय क्षेत्राची गोष्ट आणखी बोलकी आहे. त्याचा आस परिवलनाच्या आसापासून 59 अंश कललेला आहे, आणि त्याचं केंद्र ग्रहाच्या केंद्रापासून त्रिज्येच्या जवळजवळ एक तृतीयांश बाजूला सरकलेलं आहे. हे क्षेत्र गाभ्यात तयार न होता त्याच्या वरच्या वीजवाहक द्रवाच्या थरात तयार होत असावं, असं त्यावरून मानतात. व्हॉयेजरला या चुंबकीय आवरणात आयनित वायू फार कमी आणि इलेक्ट्रॉनचे पट्टे मात्र कमालीचे तीव्र आढळले. हे जुळत नव्हतं. 2024 मध्ये जुन्या नोंदी पुन्हा तपासल्यावर लक्षात आलं की यान पोचण्याआधी नेमका सौरवाऱ्याचा, म्हणजे सूर्याकडून वाहत येणाऱ्या विद्युतभारित कणांचा, जोरदार झोत आला होता आणि त्याने हे आवरण दाबून टाकलं होतं. अशी स्थिती एकूण काळाच्या 4 टक्केच असते. म्हणजे जी एकमेव भेट झाली, ती अपवादात्मक दिवशी झाली.

दिवसाची लांबीसुद्धा सुधारावी लागली. व्हॉयेजरने रेडिओ लहरींवरून 17 तास 14 मिनिटं 24 सेकंद काढली होती. ही थोडीशी चूक प्रत्येक फेरीला साठत गेल्याने चुंबकीय ध्रुव आत्ता ग्रहाच्या कुठल्या बाजूला आहेत हे काही वर्षांतच सांगता येईनासं झालं. हबलने 2011 ते 2022 या काळात टिपलेल्या ध्रुवीय प्रकाशांचा माग काढून ती 28 सेकंदांनी वाढवली गेली.

घरून पाहायचं असेल तर

युरेनसची प्रत, म्हणजे तेजाचं माप (आकडा जितका मोठा तितका ठिपका मंद), 5.6 ते 5.7 असते. गडद आकाशात तीक्ष्ण नजरेला तो नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतो. शहराजवळून 10×50 ची द्विनेत्री लागते. 2026 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात कृत्तिकांपासून रोहिणीपर्यंत रेघ कल्पावी. कृत्तिकांपासून साधारण दोन पंचमांश अंतरावर, त्या रेघेलगत तो असेल. तिथले तारे कागदावर टिपून ठेवावेत आणि दहा दिवसांनी परत पाहावं : जो ठिपका चंद्राच्या रुंदीपेक्षा थोडा कमी सरकला असेल तो युरेनस. दुर्बिणीतून त्याची तबकडी 3.8 कोनीय सेकंदांचीच दिसते (एक कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग). पन्नास-साठ पट वर्धनाला तो ताऱ्यासारखाच वाटतो आणि पाहणारा नाराज होतो. 15 सेंटिमीटरची दुर्बीण, दीडशे ते दोनशे पट वर्धन, आणि ग्रह डोक्यावर आलेला असताना, म्हणजे हवेची थरथर कमी असताना पाहिलं, तर फिकट हिरवट तबकडी ओळखता येते.

पुन्हा जायचं तर

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी एप्रिल 2022 मध्ये पुढच्या दशकाच्या मोठ्या ग्रहमोहिमांत पहिला क्रम युरेनसला दिला : ग्रहाभोवती फिरणारं एक यान, आणि वातावरणात उतरणारं एक उपकरण. हा क्रम योग्यच आहे. इतर ताऱ्यांभोवती सापडलेल्या ग्रहांत पृथ्वीपेक्षा मोठे पण नेपच्यूनपेक्षा लहान असे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या जवळपासच्या आकाराचे आपल्याकडचे दोन नमुने सर्वांत कमी अभ्यासलेले आहेत.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. युरेनसपाशी एका चौरस मीटरवर 3.7 वॉटच ऊन पडतं. शंभर चौरस मीटरचं सौरपटल नेलं तरी फार तर शंभर-सव्वाशे वॉट वीज मिळेल. म्हणून प्लुटोनियम-238 च्या उष्णतेवर चालणारी वीजयंत्रणा लागते, आणि त्या प्लुटोनियमचं उत्पादन तुटपुंजं आहे. दुसरी अडचण वेगाची. लवकर पोचायचं तर जोरात जावं लागतं, आणि जितकं जोरात जावं तितकं तिथे थांबायला जास्त इंधन लागतं. व्हॉयेजर साडेआठ वर्षांत पोचलं कारण त्याला थांबायचंच नव्हतं. कक्षेत शिरायचं तर बारा-तेरा वर्षांचा प्रवास धरावा लागतो, तोही गुरूच्या गुरुत्वाचा झोका घेऊन. गुरू आणि युरेनस यांची सोयीची मांडणी साधारण 13.8 वर्षांनी येते. जवळची संधी 2030 च्या दशकाच्या सुरुवातीला आहे आणि ती साधणं अवघड दिसतं आहे. ती हुकली तर शुक्र आणि पृथ्वीला वळसे घालत, जास्त वर्षं खर्चून जावं लागेल. तिथली पुढची दिवस-रात्र समान होण्याची वेळ 2050 च्या सुमारास येते. तिच्या आसपास यान पोचलं तर 1986 मध्ये अंधारात राहिलेले उपग्रहांचे उत्तर गोलार्ध आणि पाहिलेले दक्षिण गोलार्ध, दोन्हींवर ऊन असेल.

वातावरणात उपकरण सोडण्याचा आग्रह हेलियम, निऑन, अरगॉन यांच्यासाठी आहे. हे वायू कशाशीच संयोग पावत नाहीत, त्यामुळे ग्रह घडला तेव्हाचं त्यांचं प्रमाण बरंचसं टिकून असतं आणि ग्रह सूर्यापासून किती दूर, किती थंडीत घडला ते सांगू शकतं. कक्षेतून किंवा दुर्बिणीतून ते नीट मोजता येत नाही, वायू उपकरणात घेऊनच मोजावं लागतं. सेकंदाला 20 किलोमीटरहून अधिक वेगाने शिरताना उष्णता सोसणारं कवच, मग पॅराशूट, आणि तासाभराच्या उतरणीत माहिती झेलायला डोक्यावर मूळ यान, असा सगळा मेळ बसावा लागतो. गॅलिलिओ यानाने सोडलेलं उपकरण 7 डिसेंबर 1995 रोजी गुरूत शिरलं ते नेमकं एका कोरड्या पट्ट्यात उतरलं आणि गुरूवर पाणी किती हा प्रश्न तसाच राहिला. युरेनसवर उतरण्याची जागा निवडताना कक्षेतून आधी ढगांचे नकाशे काढून घ्यावेत, की येतानाच उपकरण सोडून यान हलकं करावं, यावर आखणी करणाऱ्यांमध्ये दोन्ही बाजूंनी विचार झालेला आहे. उपकरण आधी सोडलं तर यान हलकं होऊन थांबायला लागणारं इंधन वाचतं, पण तसं केलं तर जागा पाहून ठरवण्याची मुभा राहत नाही.